मिनी टेबल सॉवर बारीक पट्ट्या कापताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जहाजांची मॉडेल, वाड्यांच्या प्रतिकृती, लाकडी पेट्या किंवा बाहुलीघरं बनवणाऱ्यांना 1 ते 5 मिमीच्या एकसारख्या पट्ट्या शेकड्यांनी लागतात. हे काम मिनी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेली छोटी विजेची करवत, उत्तम करतो. तरी बहुतेकांचा पहिला अनुभव वाईट असतो. पट्टी एका टोकाला 2 मिमी भरते तर दुसऱ्या टोकाला 1.6. कडा जळतात, तुकडा उडून छातीवर आदळतो. लोक दोष यंत्राला देतात, पण वाकडी पट्टी आणि उडालेला तुकडा या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. ब्लेड, फेन्स (लाकूड टेकवून सारायची ब्लेडशेजारची सरळ आडकाठी) आणि लाकूड एकमेकांशी जुळवून न घेताच काम सुरू केलेलं असतं. अचूक कापासाठी जी जुळवणी लागते, तीच बोटंही वाचवते.

यंत्र लहान म्हणून ते निरुपद्रवी असेल हा समज आधी काढून टाका. 60 मिमीचं ब्लेड मिनिटाला 8000 फेरे घेतं तेव्हा त्याचा दाता सेकंदाला सुमारे 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटर वेगाने फिरत असतो. त्यातच इथे कापायचे तुकडेही लहान असतात, त्यामुळे हात मोठ्या करवतीपेक्षा ब्लेडच्या जास्त जवळ जातो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: 300 मिमी लांब, 100 मिमी रुंद, 5 मिमी जाड सागवानी फळीतून 2 मिमी रुंदीच्या पट्ट्या काढायच्या आहेत.

## 1. हे काम या यंत्राचं आहे का?

58 ते 63 मिमी ब्लेडची यंत्रं साधारण 8 मिमीपर्यंतच्या लाकडासाठी असतात. प्रॉक्सॉनचं केएस 230 हे 58 मिमी ब्लेडचं यंत्र याच वर्गातलं. त्याच कंपनीचं एफईटी 80 मिमी ब्लेडचं आहे, ते 22 मिमीपर्यंत कापतं आणि त्याचं ब्लेड वरखाली व तिरकं करता येतं. ऑनलाइन मिळणारी 775 मोटरची (ही एक छोटी डीसी मोटर) 12 ते 24 व्होल्टची यंत्रं पहिल्या वर्गात मोडतात. त्यांच्या ब्लेडची उंची सहसा ठरलेली असते, आणि गार्ड (ब्लेडवरचं झाकण) व रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागे उभी असलेली, काप मिटू न देणारी पातळ पट्टी) बहुधा नसतातच. थोडी मेहनत घेतली तर ही यंत्रं 3 ते 5 मिमीच्या कामाला पुरतात. 12 मिमी प्लायवुड कापायला मात्र ती वापरू नका.

बाल्सा, कार्डबोर्ड आणि सनबोर्ड 2 मिमीपर्यंत असेल तर धारदार कटर आणि पोलादी पट्टीच बरी. बांबूच्या कामट्याही इथे कापू नका. त्यांचे तंतू सुटून ब्लेडभोवती अडकतात.

इशारा: मार्बल कटर किंवा अँगल ग्राइंडर उलटा करून प्लायच्या फळीखाली बसवायचा आणि वर 110 मिमीचं लाकडाचं ब्लेड काढायचं, ही ‘घरगुती टेबल सॉ’ बरीच प्रचलित आहे. मिनिटाला 12,000 फेऱ्यांना त्या ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 69 मीटर होतो. मिनिटाला 4000 फेरे घेणाऱ्या 254 मिमीच्या मोठ्या टेबल सॉचा वेगही 53 मीटर असतो. शिवाय या जुगाडात तुकडा अडवणारं काहीच नसतं. हे करू नका.

## 2. यंत्र पक्कं करा, वीज तपासा

हलकं यंत्र लाकूड सारताना टेबलावर सरकतं, आणि ते धरायला दुसरा हात आपोआप पुढे जातो. म्हणून 18 मिमी प्लायच्या 400 × 500 मिमी तुकड्यावर यंत्र स्क्रूने बसवा आणि तो तुकडा दोन क्लॅम्पने टेबलाला आवळा. यंत्राचा माथा तुमच्या कोपरापेक्षा थोडा खाली असावा. जमिनीवर मांडी घालून हे काम करू नका. काही अडकलं तर अंग बाजूला घेता येत नाही.

230 व्होल्टच्या यंत्राला अर्थिंग असलेलं सॉकेट आणि त्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवी. 24 व्होल्टच्या यंत्राला बंद डब्यातला अडॅप्टर घ्या. उघड्या टर्मिनलचा एसएमपीएस (230 व्होल्टचे 24 व्होल्ट करणारा पुरवठा डबा) टेबलावर ठेवला की एका बाजूला 230 व्होल्ट उघडे राहतात आणि वरून भुसा पडत राहतो. स्विच पुढच्या बाजूला, ब्लेडवरून हात न नेता दाबता येईल असा असावा. पायाने दाबून ठेवायचा, पाय काढताच बंद होणारा स्विच सर्वांत चांगला, कारण दोन्ही हात लाकडावर राहतात.

तपासणी: ब्लेडचा माथा तुमच्याकडे येत फिरला पाहिजे. डीसी मोटरला अधिक-उणे तारा उलट जोडल्या तर ती उलटी फिरते. मग ब्लेड लाकूड तुमच्या हातातून पुढे ओढतं, हातही त्याच्यामागे जातो, आणि आर्बरचा (ब्लेड ज्यावर बसतं त्या दांड्याचा) नट सैल होऊ शकतो. ब्लेड न बसवता स्विच क्षणभर दाबून दिशा पाहा.

## 3. ब्लेड निवडा आणि बसवा

सगळ्या कामांना एकच ब्लेड वापरणं ही सर्वांत सर्रास चूक. यंत्राबरोबर बहुतेकदा बारीक दात्यांचं हायस्पीड स्टीलचं ब्लेड येतं. 60 मिमी व्यासावर 72 दाते असतील तर दोन दात्यांमधलं अंतर 2.6 मिमी. 3 मिमी प्लाय किंवा आडव्या (तंतूंना छेदणाऱ्या) कापासाठी ते छान. पण 5 मिमी सागवान उभा (तंतूंच्या दिशेने) चिरताना दात्यांमधली फट भुशाने लगेच भरते, भुसा बाहेर पडत नाही आणि लाकूड जळतं. उभ्या चिरण्याला 30 ते 40 दात्यांचं ब्लेड घ्या. सागवानात सिलिका असते, त्यामुळे हायस्पीड स्टीलची धार लवकर मरते. सागवानाचं काम जास्त असेल तर कार्बाइडच्या टोकांचं ब्लेड परवडतं. शिवणीसारख्या मऊ लाकडाला स्टीलचं पुरतं.

कापाच्या जाडीचाही, म्हणजे ब्लेड दर कापाला जितकं लाकूड खातं त्याचाही, हिशेब करा. 100 मिमी फळीतला शेवटचा 20 मिमी भाग सुरक्षित कापता येत नाही, तो सोडायचाच. उरलेल्या 80 मिमीत 2 मिमी कापाच्या ब्लेडने 20 पट्ट्या निघतात, 1 मिमीने 26, आणि 0.5 मिमीने 32. तरी 0.5 मिमीच्या मोहात सुरुवातीला पडू नका. इतकं पातळ ब्लेड जाड लाकडात वाकतं आणि काप भरकटतो. या कामाला 1 मिमी योग्य.

बसवण्याचा क्रम:

1. प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.
2. आर्बर आणि दोन्ही वॉशर कोरड्या कापडाने पुसा. भुशाचा एक कणही ब्लेड डुलवतो.
3. ब्लेडचं भोक आणि आर्बर यांचा व्यास जुळतो का ते पाहा. 10 मिमी आर्बरवर 16 मिमी भोकाचं ब्लेड टेप गुंडाळून बसवू नका. योग्य मापाची रिंग घ्या, नाहीतर दुसरं ब्लेड.
4. ब्लेडवर छापलेले कमाल फेरे मोटरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असल्याची खात्री करा.
5. वरच्या बाजूचे दाते तुमच्याकडे तोंड करून असावेत.
6. नट आवळून ब्लेड हाताने एक फेरा फिरवा. ते कुठेही घासता कामा नये.

तपासणी: ब्लेडजवळ लाकडाचा ठोकळा धरून ब्लेड हाताने फिरवा आणि फट पाहा. फेऱ्यात 0.1 मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर नट सोडून ब्लेड चौथाई फेरा फिरवा आणि पुन्हा आवळा. तरी डुललं तर वाकलेलं काय आहे, ब्लेड की ते मोटरला जोडणारा अडॅप्टर, ते शोधा. स्वस्त यंत्रांत मोटरच्या 5 मिमी शाफ्टवर बसवलेला अडॅप्टर बहुतेकदा दोषी असतो. त्याचा बारीक स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच टेकला पाहिजे.

## 4. ब्लेड आणि फेन्स समांतर करा

हा टप्पा घाईत उरकला तर पुढचं सगळं वाया. यासाठी व्हर्नियर कॅलिपर हवा, डायल गेज असेल तर उत्तम.

प्लग काढलेला असू द्या. एका दात्यावर मार्करने खूण करा. तो दाता पुढच्या बाजूला टेबलाच्या पातळीवर आणा आणि मायटर गेजच्या (आडव्या कापासाठी लाकूड धरून सरकवायच्या मार्गदर्शकाच्या) टेबलावरल्या खाचेच्या कडेपासून त्याचं अंतर मोजा. मग ब्लेड फिरवून तोच दाता मागच्या बाजूला न्या आणि पुन्हा मोजा. वेगवेगळे दाते मोजलेत तर ब्लेडच्या डुलण्याचा फरकही त्यात मिसळतो आणि माप खोटं येतं. दोन मापांतला फरक 0.05 मिमीच्या आत आणायचा. जास्त असेल तर मोटरचे स्क्रू सैल करून ती किंचित फिरवा, एकेक स्क्रू थोडाथोडा आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना मोटर हमखास सरकते.

ब्लेड खाचेशी जुळलं की फेन्सकडे वळा. ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या टोकापाशी फेन्सचं अंतर सारखं हवं. मागे 0.05 मिमीपर्यंत जास्त चालेल, पण मागे कमी कधीच नको. मागे जागा अरुंद झाली की लाकूड ब्लेड आणि फेन्समध्ये पाचरीसारखं दाबलं जातं, वर येणारे मागचे दाते त्याला उचलतात आणि तुमच्या दिशेने फेकतात. किकबॅक म्हणतात तो हाच.

स्वस्त यंत्रांचे फेन्स एकाच बाजूने आवळले जातात आणि मागचं टोक मोकळं राहतं. तिथे एक छोटा क्लॅम्प लावा, आणि क्लॅम्प आवळल्यानंतर दोन्ही टोकं पुन्हा मोजा. खाच नसलेल्या यंत्रात फेन्स थेट खूण केलेल्या दात्याशी जुळवा.

तपासणी: नको असलेली एक फळी कापा आणि कडा पाहा.

- फेन्सकडची कड जळाली असेल तर फेन्स मागे ब्लेडकडे झुकला आहे. लगेच दुरुस्त करा.
- सुट्या तुकड्याची कड जळाली असेल तर फेन्स मागे जास्त उघडला आहे.
- दोन्ही जळाल्या तर ब्लेड बोथट आहे, दाते जास्त आहेत किंवा तुम्ही फार हळू सारत आहात.

## 5. ब्लेडभोवतीची फट बंद करा

कारखान्यातून आलेल्या यंत्रात ब्लेडच्या दोन्ही बाजूंना 2 ते 4 मिमी फट असते. तुमची पट्टी 2 मिमीची. ती फटीत पडते, ब्लेड तिला खाली ओढतं, ती तुटते किंवा ब्लेडच अडकतं. या एका कारणाने जितक्या पट्ट्या वाया जातात तितक्या दुसऱ्या कशाने जात नाहीत.

ब्लेड वरखाली होत असेल तर मूळ इन्सर्टच्या (ब्लेडभोवतीच्या सुट्या झाकणपट्टीच्या) मापाचा 3 मिमी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापा. ब्लेड पूर्ण खाली घ्या, तुकडा बसवा, त्यावर आडवी पट्टी ठेवून ती दोन्ही टोकांना क्लॅम्प करा. पट्टी ब्लेड जिथून वर येणार त्या जागेवर नको. यंत्र सुरू करून ब्लेड सावकाश वर आणा.

ब्लेडची उंची ठरलेली असेल तर संपूर्ण टेबलावर मावेल असं 3 मिमी एमडीएफ घ्या. नेहमीच्या फेन्सला लावून ते चालू ब्लेडमध्ये सारा. ब्लेड टेबलावरच्या आपल्या जागी पोचलं की यंत्र बंद करा, ब्लेड थांबू द्या, मग एमडीएफ दुहेरी टेप आणि क्लॅम्पने पक्कं करा. आता हेच तुमचं टेबल. फेन्स म्हणून त्यावर सरळ लाकडी पट्टी क्लॅम्प करा आणि टप्पा 4 मधली मापं नव्याने घ्या. ब्लेडची उंची 3 मिमीने कमी होते, आणि पातळ कामाला ते बरंच: लाकडावर ब्लेड 2 ते 3 मिमीच डोकवावं.

यंत्राला रायव्हिंग नाइफ असेल तर तो काढू नका. ब्लेड बदलल्यावर तो नव्या ब्लेडला जुळतो का ते बघा. त्याची जाडी कापापेक्षा किंचित कमी हवी, 1 मिमी कापाला सुमारे 0.9 मिमी. जास्त जाड असेल तर लाकूड त्यावर अडतं. नाइफ नसेल तर तेवढ्या जाडीची पितळी किंवा पोलादी पट्टी ब्लेडच्या मागे 3 ते 5 मिमीवर, ब्लेडच्या माथ्यापेक्षा थोडी खाली बसवा. ती यंत्राच्या मागच्या पक्क्या भागाला स्क्रूने आवळा, नुसत्या गोंदावर नको.

## 6. लाकूड तयार करा

फेन्सला टेकणारी कड सरळ नसेल तर कोणतंही यंत्र सरळ पट्टी देणार नाही. रंधा मारून एक कड सरळ करा आणि पोलादी पट्टी लावून उजेडात पाहा. फळी टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबा. ती डुगडुगली तर चिरायला घेऊ नका, कापताना ती ब्लेडवर फिरते. गाठी, खिळे आणि तडा गेलेली टोकं आधी काढा. जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान सुरेख असतं, पण त्यातले मोडलेले खिळे चुंबकाने शोधा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. अशी फळी चिरताच पट्ट्या वाकतात आणि काप ब्लेडवर मिटतो. फळी आठवडाभर खोलीत मोकळी ठेवून मग घ्या.

100 मिमीपेक्षा आखूड तुकडा फेन्सला लावून चिरू नका. गरज असेल तर तो दुहेरी टेपने मोठ्या फळीवर चिकटवून कापा.

## 7. पट्ट्या काढा

पट्टी फेन्स आणि ब्लेड यांच्यामध्ये ठेवून कापणं ही इथली मूळ चूक. 2 मिमीच्या जागेत ढकलकाठी मावत नाही आणि अडकलेली पट्टी बाणासारखी मागे सुटते. पट्टी ब्लेडच्या मोकळ्या बाजूला निघाली पाहिजे, आणि रुंद फळी फेन्सकडे राहिली पाहिजे.

त्यासाठी ब्लेडच्या डावीकडे एक अडणा लावा: लाकडी ठोकळ्याच्या टोकाला छोटं बॉलबेअरिंग. बेअरिंगची कड ब्लेडच्या दात्यांच्या डाव्या बाजूपासून बरोबर 2 मिमी बाहेर हवी. अडणा ब्लेडच्या अलीकडे, तुमच्या बाजूला लावायचा. ब्लेडच्या शेजारी लावला तर तोच पट्टी ब्लेडवर दाबेल.

1. यंत्र बंद असताना फळी बेअरिंगला टेकवा, फेन्स फळीला टेकवून आवळा, दोन्ही टोकं तपासा.
2. फळी पूर्ण मागे घ्या. यंत्र सुरू करून पूर्ण वेग येऊ द्या.
3. ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका, थोडे डावीकडे राहा.
4. फळी फेन्सला टेकवून एकाच गतीने सारा. 300 मिमीला 15 सेकंद हा चांगला अंदाज. आवाज खाली गेला तर गती कमी करा. मध्ये थांबू नका, त्या जागी डाग पडतो.
5. शेवटचे 100 मिमी ढकलकाठीने सारा. काठी लाकडी, मागे टाच असलेली आणि फळी खाली दाबणारी हवी.
6. फळी ब्लेडच्या पूर्ण पलीकडे गेल्यावर यंत्र बंद करा. ब्लेड थांबेपर्यंत पट्टीला हात लावू नका.
7. फळी पुन्हा बेअरिंगला टेकवा, फेन्स सरकवा, आवळा.

पहिली पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्ये व्हर्नियरने मोजा. फरक 0.1 मिमीच्या आत असेल तर पुढे चला. टोकांच्या मापात फरक आला तर फळीची कड किंवा फेन्स पाहा. मधलंच माप वेगळं असेल तर हाताचा दाब बदलला आहे. दर पाच-सहा पट्ट्यांनी मोटरला हात लावून बघा, आणि हात ठेवता येत नसेल इतकी तापली तर थांबा.

## 8. आडवे काप

मोकळ्या हाताने आडवं कापू नका, आणि फेन्स व मायटर गेज एकत्र वापरू नका. सुटलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडमध्ये तिरका होऊन उडतो. खिडकीच्या गजांसारखे 10 मिमीचे अनेक तुकडे हवे असतील तर फेन्सला ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे ठोकळा क्लॅम्प करा. माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्या. पट्टी ब्लेडपाशी पोचेपर्यंत टोक मोकळं झालेलं असतं.

काटकोन तपासायला 60 मिमी रुंद पट्टी मधून कापा, एक तुकडा उलथा करून कापलेल्या कडा पुन्हा जोडा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, तेव्हा गेज निम्म्याने वळवा.

## 9. लाकडाखेरीज

अ‍ॅक्रिलिकला कार्बाइडचं, कमी दात्यांचं ब्लेड घ्या आणि वरचा कागद काढू नका. मध्येच थांबलात तर ते वितळून ब्लेडला चिकटतं. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ 1 ते 1.5 मिमीपर्यंतच, हायस्पीड स्टीलच्या बारीक ब्लेडने, दात्यांना मेणबत्तीचं मेण लावून, शक्य असेल तर वेग कमी ठेवून कापा. रॉकेल नको: ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात. सर्किट बोर्डाच्या धुळीत काचतंतू असतात, तो खरवडून मोडणंच चांगलं.

## 10. अंगावर काय, आणि नंतर काय

चष्मा कडा झाकणारा हवा. हातमोजे अजिबात नकोत, कारण दात्यात अडकलेला मोजा बोट आत ओढतो. बांगड्या, अंगठी, मनगटातला धागा काढा. ओढणी आणि लांब केस बांधा, बाह्या वर करा. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, आणि एमडीएफची धूळ बारीक व रेझिनयुक्त असते. म्हणून एन95 मास्क आणि भुसा ओढायला व्हॅक्यूम लावा. धातू कापण्याआधी त्यातला भुसा रिकामा करा. मुलांना शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा दिवाळीच्या किल्ल्यासाठी तुकडे हवे असतील तर तुम्ही कापून द्या, त्यांना यंत्रावर बसवू नका.

काम संपल्यावर प्लग काढून ब्लेड उतरवा. दात्यांवरचा तपकिरी थर कोमट साबणपाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने काढा, लगेच कोरडं करा आणि स्टीलच्या ब्लेडला तेलाचा हात फिरवा. हा थर चढलेलं ब्लेड बोथट ब्लेडसारखंच जळकं कापतं. पुष्कळ लोक धार गेली समजून चांगलं ब्लेड फेकून देतात.

बोट कापलंच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा आणि 108 ला फोन करा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नका.